लेकरांच्या हातात काय होतं

लातूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला 'लातूर पॅटर्न' आठवतो. गुणवत्ता यादीतली नावं, शाहू आणि दयानंद महाविद्यालयं, नीटच्या तयारीसाठी दुसऱ्या जिल्ह्यांतून येऊन खोल्या करून राहणारी पोरं. आता नांदेडचंही तसंच झालं आहे. यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण बारावीला चमकणारं तेच पोर सहा वर्षांचं होतं तेव्हा कुठं बसत होतं, हातात काय धरत होतं, बाईंनी विचारलेलं त्याला कळत तरी होतं का, हे कोणी लिहीत नाही. मला तेच लिहायचं आहे, कारण माझा जन्म त्याच वर्गांत गेला. १९८७ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि निवृत्तीपर्यंत पहिली ते चौथीच शिकवली. माहेर कंधार तालुक्यातलं, सासर अहमदपूर तालुक्यातलं. म्हणजे एक घर नांदेड जिल्ह्यात, दुसरं लातूर जिल्ह्यात. वडील, आमचे बापू, तेही प्राथमिक शिक्षक. त्यांनी सांगितलेलं आणि मी पाहिलेलं जोडलं की निजामाच्या राजवटीपासून आजपर्यंतचा वर्ग डोळ्यांपुढं उभा राहतो.

सरकारी अहवालांत पटसंख्या मिळते, खोल्यांची संख्या मिळते. मी दोनच गोष्टी शोधत जाणार आहे: लेकराच्या हातात काय होतं, आणि त्याच्या घरची बोली वर्गात चालत होती का.

बापूंच्या लहानपणी कंधार हैदराबाद संस्थानात होतं. शाळांची नावं उर्दू: चौथीपर्यंतची तहतानिया, त्यापुढची वस्तानिया, हायस्कूल म्हणजे फौखानिया. शिक्षकाला मुदर्रिस म्हणत, मुख्याध्यापकाला सदर मुदर्रिस, आणि तपासणीला साहेब यायचे ते तालीमात खात्याचे. सुट्टी शुक्रवारी. वर्ष फसली, महिने आजूर, दय, बहमन असे. जुन्या रजिस्टरात जन्माचं साल १३४० असं दिसलं की आजचे तरुण शिक्षक गोंधळतात. त्यात ५९० मिळवले, आणि महिना उशिराचा असला तर ५९१, की इसवी सन हाती येतो.

पहिली चार वर्षं मराठीतून शिकवायची मुभा होती, पण उर्दू सक्तीची. वस्तानियात गेलं की भूगोल, हिशोब, इतिहास सगळंच उर्दूतून. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचंच, त्यामुळं खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच दिशेनं लावलेल्या. बापू सांगायचे, त्यांच्या पाटीच्या एका बाजूला मराठी, डावीकडून उजवीकडं. पाटी उलटली की उर्दू, उजवीकडून डावीकडं. घरी काका मोडीत हिशेब लिहायचे ते वेगळंच. कुणब्याचं आठ वर्षांचं लेकरू, ज्याच्या घरी त्याच्याआधी कोणी अक्षर गिरवलं नव्हतं, ते तीन लिप्यांमध्ये उभं. बापू हुशार होते म्हणून तगले. त्यांच्याबरोबर तहतानियात बसलेली बहुतेक पोरं वस्तानियाच्या आधीच गुरांमागं गेली, आणि ती काही मंद नव्हती. गुरुजी काय बोलतात हे ज्याला कळत नाही, ते लेकरू किती दिवस बसेल?

सरकारी शाळा सगळ्या गावांत नव्हतीच. तिथं पंतोजींची शाळा असे. पगार धान्यात, सुट्टी अमावास्या-पौर्णिमेला. हातात सुरुवातीला पाटीसुद्धा नाही. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं. चुकलं की हात फिरवून पुन्हा. अक्षर बसलं की बोरू. आणि संध्याकाळी परवचा: पाढे, आणि पाढ्यांच्या पुढं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.

या पाठांतराला आजचे शिक्षणतज्ज्ञ पोपटपंची म्हणतात. मला ते पटत नाही. पावकी-दिडकी वर्गाबाहेर रोज लागत होती. धान्य पायलीनं, तूप-तेल शेर-अदपावानं, आणि पैसा दोन तऱ्हेचा. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार हा साधारण भाव. बार्शी-सोलापूरकडं माल जायचा तो कलदारात, गावातला व्यवहार हालीत. लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात त्या बाजारात बापाबरोबर गेलेल्या पोराला हा हिशेब तोंडी करावा लागे. १९५० नंतरही काही वर्षं हाली चालत राहिली आणि मग गेली. तिच्याबरोबर ती गणितंही गेली, आणि १९५७ साली दशमान नाणी आल्यावर औटकीचं काम उरलं नाही. त्या शाळेत वाईट होतं ते दुसरंच होतं: छडी, आणि कोण बसणार याची निवड. मुली नव्हत्या. दलितांची लेकरं ओट्याखाली किंवा नव्हतीच. धुळीत अक्षर काढायला कोणाचंही बोट चाललं असतं, पण ते बोट धुळीपर्यंत पोचू दिलं जात नव्हतं.

मराठीतून शिकवायच्या खाजगी शाळा काढाव्यात तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. तरी लोकांनी काढल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. तिथं १९२९ साली स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून आले आणि १९३५ ला तिथून अंबाजोगाईला गेले. पुढं ज्यांनी हैदराबादचा मुक्तिसंग्राम चालवला ते आधी गुरुजी होते, हे आम्हा शिक्षकांना फार जवळचं वाटतं. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघालं ते त्यांच्याच नेतृत्वाखाली, आणि आज विद्यापीठही त्यांच्या नावाचं आहे. पण त्यांची सुरुवात खेड्यातल्या वर्गात झाली होती, हे लेकरांना सांगितलं की ती चकित होतात.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. या तारखेला आमच्याकडं दरवर्षी शाळेत झेंडावंदन होतं. बाकीच्या महाराष्ट्रात ते शाळेच्या वेळापत्रकात नसतं. भाषणांत पोलिस कारवाई येते, रझाकार येतात. शाळेचं काय झालं ते मात्र कोणी बोलत नाही. काल उर्दू शिकवणारे गुरुजी आज मराठी शिकवायला उभे राहिले. उर्दूचा हात बसलेला, मराठी शुद्धलेखन कच्चं. बापू पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीला लागले तेव्हा त्यांचे मुख्याध्यापक हजेरीच्या बेरजा उर्दू आकड्यांत मांडून मग मराठीत उतरवायचे. त्या गृहस्थांबद्दल बापूंना अपार आदर होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मोठ्या लिपीत काढलेली बाराखडी समोर ठेवून लेकरांच्या बरोबरीनं गिरवली. अशा माणसांनी मराठवाड्यातली मराठी शाळा उभी केली, आणि त्यांची नावं कुठल्याही कोनशिलेवर नाहीत.

त्यानंतरच्या वर्षांत गाव जागेवरच राहिलं आणि वरचा पत्ता बदलत गेला. सासरचं अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. मधे १ मे १९६० ला महाराष्ट्र. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडं गेल्या. १९६७ ला बालभारती स्थापन झाली आणि सगळ्या महाराष्ट्राच्या लेकरांच्या हातात एक पुस्तक आलं.

पुस्तक एक, पण छप्पर? बापूंनी मारुतीच्या देवळात शिकवलं, चावडीत शिकवलं, एका देशमुखांच्या वाड्याच्या ढाळजेत शिकवलं. मी त्यांच्याच वर्गात पहिलीला बसले. दर शनिवारी शाळा शेणानं सारवायची. मुलींनी सारवायचं, मुलांनी पाणी आणायचं. फळा काळा करायचा तर बॅटरीचे जुने सेल फोडून त्यातली काळी पूड आणि पाल्याचा रस. पाटी पुसायला डबीत ओली चिंधी. १९७२ च्या दुष्काळात माय-बाप खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर आणि लेकरं शाळेत, कारण शाळेत सुकडी मिळायची. त्या साली हातात पाटीपेक्षा सुकडीची पुडी महत्त्वाची होती, आणि बापू आधी पुडी वाटायचे, मग पाढे घ्यायचे. उपाशी पोराला सत्ताविसाचा पाढा विचारू नये, हे त्यांनी मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं.

मी लागले त्याच सुमाराला खडू-फळा मोहीम आली. दोन खोल्या, दोन शिक्षक, शक्यतो त्यातली एक बाई. आमच्यासारख्या कितीतरी मुलींना त्या मोहिमेनं नोकरी दिली, हे ऋण आहे. मोहिमेबरोबर साहित्याची पेटी आली. नकाशे, पृथ्वीचा गोल, विज्ञानाचं साहित्य, ढोलकी, खेळणी. माझ्या पहिल्या शाळेत ही पेटी कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. काही हरवलं तर वसुली होईल, या भीतीनं साहित्य दाखवायचं ते तपासणीच्या दिवशी. सरकारनं पहिल्यांदा लेकराच्या हातासाठी काही पाठवलं आणि ते हातापर्यंत पोचायला मधलं एक कुलूप आडवं आलं. वर्षभरानं आम्ही दोघी बायांनी ठराव लिहून घेतला, की फुटतूट झाली तर शाळा समिती भरून देईल, आणि गोल बाहेर काढला. त्यावर हिंदुस्थान शोधताना तिसरीच्या पोरांनी पहिल्यांदा विचारलं, की मग अहमदपूर कुठं आहे?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. घरं माणसांवर आली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला, ५२ गावं पूर्ण नव्यानं वसवावी लागली. माझी नणंद तेव्हा औसा तालुक्यात शिक्षिका होती. तिनं सांगितलेलं मी इथं लिहून ठेवते, कारण हे कुठल्याच अहवालात नाही. शाळा पुन्हा भरली ती लिंबाखाली. तिच्यापुढं पहिला प्रश्न हजेरीचा होता. जुनं हजेरीपत्रक वाचायचं कसं? त्यातल्या नावांना कोण 'हजर' म्हणणार? तिनं ते बंद करून ठेवलं आणि नवं हजेरीपत्रक आखलं. समोर जे बसलेत त्यांचीच नावं, नव्या अनुक्रमांकानं. पत्र्याचं शेड आलं तरी लेकरं दाराजवळच बसायची, भिंतीला टेकायची नाहीत. ती बरेच दिवस पुस्तक उघडत नव्हती. खडू द्यायची, कागद द्यायची, माती द्यायची. घराचं चित्र काढा म्हटलं तर पोरं तंबू काढायची, आणि तिनं कधी त्यावर चूक अशी खूण केली नाही. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली; नळदुर्गला पन्नालाल सुराणांचं 'आपलं घर' अनाथ झालेल्या लेकरांसाठी उभं राहिलं. ती मोठी कामं होती. पण लिंबाखालच्या वर्गात एका बाईनं महिनाभर फक्त चित्रं काढू दिली, हेही शिक्षणाच्या इतिहासातलं काम आहे असं मी मानते.

दुसऱ्याच वर्षी, १९९४ ला, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. महाराष्ट्रातले पहिले पाच जिल्हे निवडले ते सगळे मराठवाड्यातले: औरंगाबाद, परभणी, उस्मानाबाद, लातूर, नांदेड. निवडीचं कारण अभिमानाचं नव्हतं. जिथं स्त्रियांची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी, ते जिल्हे घेतले होते. पण या कार्यक्रमानं आमचा वर्ग बदलला, हे मी साक्षीनं सांगू शकते. प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळू लागले, साहित्य बनवण्यासाठी, स्वतःच्या मनानं खर्चायला. शाळेला २००० रुपये. ५०० रुपये ही मोठी रक्कम नव्हती, पण नोकरीत पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला विचारत होतं, की तुमच्या लेकरांना काय लागतं ते तुम्हीच ठरवा. मी पुठ्ठे, रंग, मणी, दोरा, सुतळी आणली. बाकीचं गावानं दिलं. चिंचोके, सागरगोटे, ज्वारीची चिपाडं. चिपाडाच्या सारख्या लांबीच्या काड्या करून दहा-दहांच्या जुड्या बांधल्या. हातात एक जुडी आणि चार सुट्ट्या काड्या असल्या की चौदा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वजाबाकीत 'हातचा' घ्यायचा म्हणजे जुडी सोडायची. ज्या पोराला दोन वर्षं हातचा कळत नव्हता त्यानं सुतळीची गाठ सोडली, दहा काड्या पसरल्या आणि उत्तर सांगितलं. तो क्षण मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा वाटतो.

केंद्राच्या बैठकींना शिक्षक पिशव्या भरून साहित्य आणायचे. कोणी बाटलीच्या बुचांची अक्षरं केली, कोणी जुन्या लग्नपत्रिकांची शब्दपट्टी. पंतोजींच्या शाळेत तोंडाला काम होतं, हाताला नव्हतं. बालभारतीच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत डोळ्यांना काम होतं. हाताला काम मिळालं ते आमच्याकडं या काळात. त्या पाच जिल्ह्यांत जे झालं त्याचं श्रेय नंतरच्या मोठ्या योजनांनी घेतलं, म्हणून हे ठासून लिहिते.

आता बोलीची गोष्ट. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट, किनवट, सगळीकडं बंजाऱ्यांचे तांडे आहेत. किनवटकडं गोंड आणि कोलाम. देगलूर-धर्माबादला घरात तेलुगू, उदगीर-देवणीला कन्नड. माझ्या एका शाळेत पहिलीच्या वर्गात निम्मी लेकरं तांड्यावरची. मराठी त्यांच्या कानावर बाजारापुरती. मी 'आई' लिहिलं की त्यांना ते फळ्यावरचं चित्र वाटे, कारण घरी ती 'याडी'. मराठवाड्यावर उर्दू लादली गेली हे आम्ही दर १७ सप्टेंबरला सांगतो, आणि ते खरं आहे. पण तांड्यावरचं लेकरू पहिलीच्या पहिल्या दिवशी नेमकं तिथंच बसलेलं असतं जिथं बापू १९४० च्या आसपास बसले होते: समोरचा माणूस मायेनं बोलतोय आणि शब्द कळत नाही. आम्ही तिथं चौथीतल्या एका तांड्यावरच्या मुलीला पहिलीची ताई केलं. ती गोरमाटीत सांगायची, मी मराठीत. शब्दांच्या पट्ट्या दोन्ही बोलींत केल्या, एका बाजूला चित्र. दिवाळीपर्यंत वर्ग बोलायला लागला.

आणि दिवाळीनंतर तोच वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. ऊसतोडीला गाड्या निघाल्या की लेकरंही जायची. पाठच्या भावंडाला कोण सांभाळणार? पाडव्याच्या सुमाराला परत यायची तेव्हा काड्यांच्या जुड्या आठवायच्या, अक्षरं पुसलेली. हंगामी वसतिगृहं निघाली तेव्हा हे थोडं थांबलं. मुलींसाठी १९९२ पासून दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता होता. रुपया छोटा, पण महिन्याच्या शेवटी मुलीच्या नावानं पैसे आले की बाप तिला घरी बसवताना विचार करायचा. १९९५ ला शाळेतून महिन्याला तीन किलो तांदूळ सुरू झाला, आणि काही वर्षांनी तो घरी न जाता शाळेतच शिजू लागला. खिचडीनं जे केलं ते कुठल्याच प्रबोधनानं केलं नव्हतं. आपापली ताटली घेऊन तांडा, वाडा, वस्ती एका ओळीत बसली. सुरुवातीला काही घरांतून लेकरांना डबा यायचा. ती वेगळी बसायची. महिन्या-दोन महिन्यांत डबे थांबले. लेकरांनीच थांबवले.

पुढच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र. त्या वेळी साताऱ्याच्या कुमठे बीटचे वर्ग पाहायला शिक्षक गाड्या करून गेले आणि परत येऊन फरशा रंगवल्या. फरशीवरचा रंग दोन पावसाळ्यांत गेला. ज्यांनी तिथून प्रश्न विचारायची पद्धत आणली त्यांचं टिकलं. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. घरात एक फोन, तोही बापाबरोबर शेतात. आम्ही ओट्या-ओट्यावर चार-चार लेकरं बसवून शिकवलं. डिसेंबर २०२१ ला पहिली-दुसरी पुन्हा भरली तेव्हा दुसरीतल्या लेकरानं शाळेची खोली आतून पाहिलेलीच नव्हती.

थांबायचं आहे ते २०१६ पाशी. त्या वर्षी लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पहिल्यांदा पाणी घेऊन आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गावातही टँकर होता. चौथीच्या वर्गात गणिताचं पुस्तक बाजूला ठेवून आम्ही पाण्याचा हिशेब केला. घरात किती घागरी येतात, एका घागरीत किती लिटर, कोण आणतं, किती वेळ लागतो. लेकरांनी तक्ता केला. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, तर आपल्या गावाला एक वाघीण किती दिवस पुरेल? भागाकार आला, सरासरी आली. आणि तक्त्याच्या 'कोण आणतं' या रकान्यात जवळजवळ सगळीकडं 'आई' किंवा 'ताई' आलं तेव्हा एक पोरगा उठून म्हणाला, बाई, मी उद्यापासून दोन घागरी आणतो. त्या रकान्यानं जे शिकवलं ते माझ्या कुठल्याच धड्यानं शिकवलं नसतं. पाऊस पडल्यावर त्याच वर्गानं प्लॅस्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक केला, आणि रोजची नोंद भिंतीवर लिहिली. ती प्रथा त्या शाळेत मी होते तोवर चालू होती.

माझ्या शेवटच्या वर्षांतल्या वर्गात काय चाललं होतं, तेही नोंदवून ठेवते. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळाअमावस्येला, आमच्याकडं गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, त्यात पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. दुसऱ्या दिवशी लेकरं वर्गात येतात ती भरलेली. भज्जीत कोणकोणत्या शेंगा आणि भाज्या, याची यादी केली की परिसर अभ्यासाचा अख्खा पाठ होतो. त्यातली कोणती आपल्या शेतातली आणि कोणती विकत आणली, हे विचारलं की सोयाबीननं काय काय घालवलं ते लेकरांनाच दिसतं. पोळ्याला मातीचे बैल. आणि बालबाजार: खरी भाजी, खरे पैसे, तराजू. पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो. एका तिसरीतल्या मुलीनं साठ रुपये किलोच्या शेंगा पाऊण किलो देताना कागद न घेता पंचेचाळीस सांगितले. बापू हयात असते तर म्हणाले असते, ही पाऊणकी.

या सगळ्याचा कागद कुठं आहे? शिक्षकाची टाचणवही, पाठ नोंदी, लेकरांची चित्रं, हे दर काही वर्षांनी रद्दीत जातं. प्रवेश-निर्गम रजिस्टर तेवढं राहतं. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातल्या शाळांची जुनी रजिस्टरं कपाटांतून निघाली. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. जात आणि जन्मतारीख पाहून ती पुन्हा बंद झाली. त्यांच्यात आणखी पुष्कळ आहे: कोणत्या वर्षी गावातली पहिली मुलगी दाखल झाली, तांड्यावरचं पहिलं लेकरू कधी आलं, किती जण 'सतत गैरहजर' म्हणून कमी केले आणि ते कोणत्या महिन्यात.

आता वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार राज्यात पुढं आला आहे. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत वाड्या-तांड्यांवरच्या अशा शाळा पुष्कळ आहेत. त्या बंद करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सहा वर्षांच्या लेकराला वर्ग चालत जाण्याच्या अंतरावरच हवा. पण निर्णय काहीही होवो, शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत, जे तरुण शिक्षक आहेत, त्यांना माझी विनंती आहे. रजिस्टरांची पानं मोबाईलवर टिपून ठेवा. जुनी टाचणवही सापडली तर रद्दीला देऊ नका. आणि तुमच्या गावात फसली सालात शाळेत घातलेलं एखादं माणूस अजून हयात असेल, तर ते नव्वदीच्या आसपास आहे. येत्या सुट्टीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा, आणि पाटीच्या कोणत्या बाजूला काय लिहीत होते, तिथून विचारायला सुरुवात करा.